कामांची रांग आणि एका फाइलीतला डेटाबेस

संगणकावरची बरीच कामे मागणी आल्याबरोबर तिथल्या तिथे उरकत नाहीत. चित्रफितीचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करणे, शेकडो वर्गणीदारांना पावत्यांचे ईमेल पाठवणे किंवा छापील पानाच्या छायाचित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येईल असा मजकूर तयार करणे, या कामांना काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो, आणि काम सांगणाऱ्या माणसाला तेवढा वेळ पडद्यासमोर ताटकळत बसवणे कोणत्याही व्यवस्थेला शोभत नाही. त्यामुळे काम स्वीकारणारा प्रोग्रॅम आणि काम करणारा प्रोग्रॅम वेगळे ठेवण्याची पद्धत फार पूर्वी रूढ झाली. चालू स्थितीतल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र मेमरी नेमून देते आणि एकीच्या मेमरीत दुसरीला एरवी डोकावता येत नाही. ही भिंत सुरक्षिततेसाठी आवश्यक असली, तरी तिच्यामुळेच प्रश्न उभा राहतो, की एका प्रोसेसने स्वीकारलेले काम दुसरीपर्यंत पोहोचवायचे कसे, आणि मध्येच वीज गेली तर ते हरवणार नाही याची हमी कोणी घ्यायची.

या दोन प्रोसेसच्या मधल्या जागेला कामांची रांग किंवा जॉब क्यू म्हणतात. कामे ओळीने लावून ठेवणे हा तिच्या कर्तव्यांतला सर्वांत सोपा भाग आहे. स्वीकारलेले काम गहाळ होऊ नये, एकच काम एका वेळी दोघांच्या हाती पडू नये, आणि काम हाती घेतलेली प्रोसेस मध्येच बंद पडली तर ते काम आपोआप पुन्हा उपलब्ध व्हावे, या तीन अपेक्षा पुऱ्या करताना रांगेचा कस लागतो. सरकारी कचेरीतली आवक बारनिशी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही: आलेल्या टपालाला क्रमांक पडतो, ते कोणत्या कार्यासनाकडे गेले याची नोंद होते, आणि संबंधित लिपिक अचानक रजेवर गेला तर त्या नोंदीच्याच आधारे प्रकरण दुसऱ्याकडे सोपवता येते.

युनिक्स परंपरेत पूर्वीपासून या कामासाठी साधी डिरेक्टरी वापरली जाई. छपाईला पाठवलेला प्रत्येक दस्तऐवज एका ठरावीक डिरेक्टरीत फाइल म्हणून येऊन पडे आणि छपाई करणारा प्रोग्रॅम तिथून एकेक फाइल उचलत असे. एकाच डिस्कवर फाइलचे नाव बदलणे ही क्रिया पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही, अर्धवट कधी राहत नाही, या गुणाचा उपयोग करून अशा रांगा बऱ्याच भरवशाच्या करता येतात. मात्र तातडीचे काम आधी घेणे, फसलेले काम दहा मिनिटांनी पुन्हा करणे किंवा आज किती कामे शिल्लक आहेत हे विचारणे, अशा गरजा उत्पन्न झाल्या की डिरेक्टरी अपुरी पडू लागते.

आज याचे रूढ उत्तर म्हणजे रांगेसाठी स्वतंत्र सर्व्हर. २००७ साली आलेला रॅबिटएमक्यू, २००९ साली आलेला आणि मुळात मेमरीत माहिती ठेवणारा रेडिस, लिंक्डइनमध्ये जन्मलेला आणि २०११ मध्ये खुला झालेला काफ्का ही त्यांतली ठळक नावे. शेकडो यंत्रांमध्ये कामे वाटून द्यायची असतील, तर असल्या साधनांना पर्याय नाही. परंतु ज्या संस्थेचा सगळा कारभार एकाच यंत्रावर चालतो, तिच्या दृष्टीने असा सर्व्हर म्हणजे चालू ठेवायचा आणखी एक प्रोग्रॅम, सांभाळायचा आणखी एक पासवर्ड आणि मध्यरात्री बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू ठरते. लहान प्रकल्पांत ही साधने गरजेपेक्षा संकेतापोटीच अधिक बसवली जातात, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

या संकेताला जुना आणि भक्कम प्रतिवाद आहे. डेटाबेसमधील व्यवहारांच्या सिद्धान्ताचे एक प्रमुख शिल्पकार आणि १९९८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी जिम ग्रे यांनी १९९५ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणाचे शीर्षकच, रांगा म्हणजे डेटाबेस, अशा अर्थाचे होते. रांगेला टिकाऊपणा लागतो, एकाच वेळी अनेकांना वापर करू देण्याची सोय लागते, बंद पडल्यानंतर पूर्वस्थितीला येण्याची यंत्रणा लागते, शोध घेण्याची भाषा लागते. ही सारी डेटाबेसचीच लक्षणे असल्यामुळे रांगेसाठी वेगळे यंत्र रचणारा माणूस शेवटी अपुरा डेटाबेसच पुन्हा रचत बसतो, असा त्या युक्तिवादाचा रोख होता.

मोठा डेटाबेस बसवायचा, तर तोही एक सर्व्हरच असतो आणि मूळ अडचण तशीच राहते. एसक्यूएलाइटचे महत्त्व इथे आहे. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकांवरील नुकसान-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरवर जनरल डायनॅमिक्स कंपनीसाठी काम करत होते. तिथे वापरात असलेला इन्फॉर्मिक्स डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यावर विसंबलेला प्रोग्रॅमही निकामी होई. सर्व्हरच नसलेला, प्रोग्रॅममध्येच लायब्ररी म्हणून मिसळून जाणारा आणि सगळी माहिती एका साध्या फाइलीत ठेवणारा डेटाबेस असावा, ही कल्पना त्यातून निघाली आणि ऑगस्ट २००० मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तो आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये, फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांत असतो, आणि तरीही बहुतेकांना त्याचे नाव माहीत नसते.

या डेटाबेसची रांग प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. समजा, एखाद्या जुन्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करण्याचे काम हाती घेतले आहे. स्कॅनरजवळ बसलेला कर्मचारी पानांची छायाचित्रे संगणकात भरतो. हा पहिला प्रोग्रॅम. त्या छायाचित्रांतून मजकूर काढण्याचे काम टेसरॅक्टसारखे अक्षरओळख करणारे साधन करते, जे ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८० च्या दशकात सुरू झाले, २००५ मध्ये खुले झाले आणि आता मराठीही वाचते. जुन्या छपाईच्या एका पानाला चार सेकंद लागतात असे धरू. स्कॅन करणाऱ्याचा हात दर पानामागे चार सेकंद अडकू नये म्हणून अक्षरओळखीसाठी चार स्वतंत्र प्रोसेस मागे चालू ठेवल्या आहेत. त्यांना पुढे कामकरी प्रोसेस म्हटले आहे.

रांगेसाठी लागतो तो एकच तक्ता. त्यात प्रत्येक कामाची एक ओळ असते आणि रकाने साधारण असे असतात: कामाचा क्रमांक, कोणत्या पानावर काम करायचे त्याचा तपशील, स्थिती (तयार, चालू, पूर्ण किंवा फसलेले), हे काम कोणत्या वेळेनंतर घ्यावे ती वेळ, ते सध्या कोणाकडे आहे त्या प्रोसेसचे नाव, तिला दिलेली मुदत कधी संपते ती वेळ, आजवर किती प्रयत्न झाले तो आकडा, आणि फसले असल्यास अखेरच्या चुकीचा संदेश. शेवटचा रकाना अनेकजण गाळतात, आणि मग बिघाड शोधताना लॉगच्या फाइली चाळत बसतात. क्रमांकाच्या रकान्याबाबतही एक बारकावा आहे. एसक्यूएलाइट नव्या ओळीला एरवी सध्याच्या सर्वांत मोठ्या क्रमांकापुढचा क्रमांक देते, त्यामुळे पूर्ण झालेली कामे पुसली जाऊन रांग रिकामी झाली, की पुढच्या कामाला पुन्हा १ हा क्रमांक मिळतो आणि जुन्या नोंदींशी त्याची गल्लत होते. तक्ता करतानाच ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द घातला, तर एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दिला जात नाही.

खरी मेख काम उचलण्याच्या क्षणी असते. वरवर पाहता पद्धत सरळ आहे: ‘तयार’ असलेले पहिले काम शोधायचे आणि त्याची स्थिती ‘चालू’ करायची. पण ही दोन पावले वेगवेगळी टाकली, तर पहिल्या कामकरी प्रोसेसने ४१२७ क्रमांकाची ओळ ‘तयार’ म्हणून वाचल्यानंतर आणि तिने ती ‘चालू’ करण्यापूर्वी, सेकंदाच्या एखाद्या हजाराव्या भागात, दुसरी प्रोसेसही तीच ओळ ‘तयार’ म्हणूनच वाचू शकते. मग दोघीही आपापल्या परीने ती ‘चालू’ करतात, दोघींनाही आपण यशस्वी झालो असे वाटते आणि एकच पान दोनदा वाचले जाते. ही चूक चाचणीच्या वेळी क्वचितच दिसते, कारण तेव्हा कामे थोडी आणि कामकरी एकच असतो. गर्दीच्या दिवशी मात्र ती हमखास उपटते.

उपाय असा, की शोधणे आणि बदलणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत करावीत. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत अशी एक अपडेट आज्ञा लिहिता येते, की वेळ झालेल्या ‘तयार’ ओळींपैकी सर्वांत लहान क्रमांकाची ओळ घ्यावी, तिची स्थिती ‘चालू’ करावी, तिच्यावर घेणाऱ्या प्रोसेसचे नाव आणि मुदत लिहावी आणि बदललेली ओळ उत्तरादाखल परत द्यावी. यातला शेवटचा भाग, म्हणजे रिटर्निंग हे उपवाक्य, एसक्यूएलाइटमध्ये मार्च २०२१ च्या ३.३५ या आवृत्तीपासून आले आणि त्यामुळे काम उचलणे ही एका दमात होणारी क्रिया बनली. एसक्यूएलाइट एका वेळी एकाच प्रोसेसला लिहू देते; इतर वापरांत उणीव म्हणून गणला जाणारा हा नियम इथे वरदान ठरतो, कारण दोन कामकरी एकाच ओळीवर एकाच क्षणी हात घालूच शकत नाहीत.

एकापेक्षा अधिक आज्ञांचा व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, करायचा असेल तर आणखी एक सापळा सांभाळावा लागतो. व्यवहार म्हणजे आज्ञांचा असा गट, की जो पूर्ण घडतो किंवा मुळीच घडत नाही. एसक्यूएलाइटमध्ये व्यवहाराची नुसती सुरुवात केल्याने कोणतेही लॉक, म्हणजे फाइलीवरचा तात्पुरता ताबा, लागत नाही. वाचण्याचे लॉक पहिल्या वाचनाला आणि लिहिण्याचे लॉक पहिल्या लेखनाला लागते. आधी वाचून मग लिहिणाऱ्या प्रोसेसच्या दरम्यान दुसऱ्या कोणी काही लिहिले, तर पहिलीच्या हातातले चित्र शिळे झालेले असते आणि तिला ‘डेटाबेस व्यस्त आहे’ असा नकार मिळतो, जो कितीही थांबले तरी टळत नाही. म्हणून रांगेवरचा प्रत्येक लिहिणारा व्यवहार ‘बिगिन इमिजिएट’ या आज्ञेने सुरू करावा. ती लिहिण्याचे लॉक आरंभीच मागून घेते. लॉक दुसऱ्याकडे असेल तर किती वेळ वाट पाहायची, हेही सांगून ठेवावे लागते. सी भाषेतल्या मूळ लायब्ररीत ती वेळ शून्य असते, तर पायथॉन भाषेतले नेहमीचे मॉड्यूल आपणहून पाच सेकंद थांबते, आणि त्यामुळे एका भाषेत सुरळीत चाललेली रांग दुसऱ्या भाषेत आणताच कुरकुरू लागते.

वीज गेल्यावरही व्यवहार अर्धवट का राहत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. एसक्यूएलाइट आपली फाइल पानांत विभागते; एक पान सहसा ४०९६ बाइटचे असते. मूळच्या पद्धतीत, एखादे पान बदलण्यापूर्वी त्याची जुनी प्रत शेजारच्या एका जर्नल फाइलीत लिहिली जाते, ती खरोखर डिस्कवर उतरली याची ऑपरेटिंग सिस्टिमकडून खात्री करून घेतली जाते, मग मुख्य फाइलीतले पान बदलले जाते, आणि सर्वांत शेवटी जर्नल पुसले जाते. जर्नल पुसले जाणे हाच व्यवहार पक्का होण्याचा क्षण असतो. त्यापूर्वी वीज गेली, तर पुढच्या वेळी फाइल उघडणाऱ्या पहिल्या प्रोसेसला जर्नल तसेच पडलेले दिसते आणि ती त्यातल्या जुन्या प्रती परत जागेवर ठेवून पूर्वीची स्थिती आणते. या दुरुस्तीसाठी कोणाला बोलवावे लागत नाही.

जुलै २०१० मधील ३.७ या आवृत्तीत याच्या उलट चालणारी, वॉल नावाची पद्धत आली. तीत मुख्य फाइलीला तत्काळ हात लावला जात नाही. बदललेली पाने शेजारच्या वॉल फाइलीच्या शेवटी जोडली जातात आणि तिथे अखेरची खूण लिहिली गेली की व्यवहार पक्का होतो. वाचणाऱ्याला आपण वाचायला सुरुवात केली त्या क्षणाचे चित्र मिळत राहते, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. ग्रंथालयाच्या उदाहरणात, किती पाने शिल्लक आहेत याचा फलक दर क्षणी ताजा होत असतानाही कामकरी प्रोसेसना थांबावे लागत नाही, ते यामुळे. साधारण १००० पाने साठली की ती मुख्य फाइलीत उतरवली जातात. मात्र एखाद्या अहवालाच्या प्रोग्रॅमने वाचनाचा व्यवहार उघडून तो तासन्‌तास तसाच ठेवला, तर वॉल फाइल रिकामी करता येत नाही आणि ती फुगत जाते. डिस्क भरल्याच्या तक्रारीचे मूळ कित्येकदा अशा विसरलेल्या वाचकापाशी सापडते.

काम उचलले गेले, पण ते करणारी प्रोसेस मध्येच मेली, तर काय? मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम एखादी प्रोसेस पूर्वसूचना न देता बंद करते, आणि अशा वेळी रांगेतली ती ओळ ‘चालू’ या स्थितीत कायमची अडकून पडते. यावर उपाय मुदतीचा. काम देतानाच त्यावर, उदाहरणार्थ, पाच मिनिटांची मुदत लिहिली जाते आणि मुदत उलटून गेलेली ‘चालू’ कामे पुन्हा ‘तयार’ समजली जातात. पण मुदत संपलेली प्रत्येक प्रोसेस मेलेलीच असते असे नाही. एखादे पान इतके कळकट असते, की त्याला सहा मिनिटे लागतात. मग पहिली प्रोसेस अजून राबत असतानाच तेच पान दुसरीला दिले जाते. म्हणून काम पूर्ण झाल्याची नोंद करताना ‘हे काम अजून माझ्याच नावावर आहे आणि प्रयत्नांचा आकडा तोच आहे’ ही अट घालावी लागते. त्या आज्ञेने एकही ओळ बदलली नाही, तर आपली मुदत टळून गेली हे त्या प्रोसेसला कळते आणि ती आपला निकाल टाकून देते.

याचा अर्थ असा, की रांग प्रत्येक काम निदान एकदा होईल याची हमी देऊ शकते. ते नेमके एकदाच होईल याची हमी एकटी रांग देऊ शकत नाही, मग ती कितीही महागड्या सर्व्हरवर असो. ४१२७ क्रमांकाच्या पानाचा मजकूर त्याच नावाच्या फाइलीत दोनदा लिहिला गेला तरी बिघडत नाही, कारण दुसऱ्या लिखाणाने काहीही बदलत नाही. वर्गणीदाराला पावतीचा ईमेल दोनदा गेला, तर मात्र तो विचारणा करतो, आणि पैसे दोनदा वळते झाले तर प्रकरण त्याहून पुढे जाते. म्हणून काम शक्यतो असे रचावे, की ते पुन्हा केल्याने फरक पडू नये.

इथेच लहान डेटाबेसची मोठी सोय दिसते आणि जिम ग्रे यांच्या म्हणण्यातले मर्म उघड होते. पानांची यादी, त्यांचा काढलेला मजकूर आणि कामांची रांग ही तिन्ही एकाच फाइलीत असतील, तर पानाची नोंद करणे आणि त्याचे काम रांगेत घालणे हा एकच व्यवहार होतो, तसेच मजकूर साठवणे आणि काम ‘पूर्ण’ करणे हाही एकच व्यवहार होतो. दोन्ही गोष्टी घडतात किंवा एकही घडत नाही. रांग वेगळ्या सर्व्हरवर ठेवली, की पान नोंदले गेले पण काम रांगेत पोहोचले नाही, अशी फट पडते. आणि ती बुजवण्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांतही आधी मूळ डेटाबेसमध्येच पाठवायच्या निरोपांचा तक्ता ठेवून त्यातून ते सर्व्हरकडे सरकवले जातात. म्हणजे डेटाबेसमधली रांग टाळण्यासाठी घेतलेल्या सर्व्हरपुढे पुन्हा तीच रांग उभी राहतेच. काम चालू असेपर्यंतचा वेळ मात्र व्यवहाराच्या बाहेर काढावा. चार सेकंदांच्या अक्षरओळखीदरम्यान लिहिण्याचे लॉक धरून बसलेली प्रोसेस उरलेल्या तिघींना रिकामे बसवते.

वेगाबद्दलची भीती बहुधा हिशेब न करता बाळगली जाते. एसक्यूएलाइटच्याच माहितीनुसार सर्वसाधारण संगणकावर सेकंदाला ५०,००० हून अधिक ओळी घालता येतात, परंतु मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या चकतीच्या डिस्कवर पक्के होणारे व्यवहार सेकंदाला सुमारे ६० च होतात, कारण प्रत्येक व्यवहारासाठी माहिती खरोखर चकतीवर उतरण्याची वाट पाहावी लागते. ग्रंथालयाच्या चार कामकरी प्रोसेस मिळून सेकंदाला एक पान उरकतात, आणि एका पानामागे रांगेत घालणे, उचलणे आणि पूर्ण करणे असे तीन व्यवहार होतात. तीन आणि साठ यांतले अंतर पाहता, जुन्या डिस्कवरही ही रांग निवांत चालेल. आजच्या सॉलिड स्टेट डिस्कवर तर प्रश्नच उद्भवत नाही. स्कॅनिंगच्या एका बैठकीतली ५०० पाने एकाच व्यवहारात घातली, तर तीनाचा आकडा आणखी खाली येतो.

वॉल पद्धतीत डिस्कवर उतरण्याची वाट दर व्यवहाराला न पाहण्याची सवलतही घेता येते. तिने फाइल बिघडत नाही, पण वीज गेल्यास अगदी शेवटचे काही व्यवहार नाहीसे होऊ शकतात. काम ‘पूर्ण’ झाल्याची नोंद अशी हरवली, तर ते पान पुन्हा वाचले जाईल, इतकेच. परंतु स्कॅन करणाऱ्याला ‘पान स्वीकारले’ असे सांगून झाल्यावर तेच काम हरवले, तर ती रांगेने केलेली फसवणूक ठरते. तेव्हा काम घालणाऱ्या प्रोसेसने ही सवलत घेऊ नये, हे श्रेयस्कर.

नवे काम आल्याचे कामकरी प्रोसेसला कळावे कसे, हा या पद्धतीचा सर्वांत उघड कमकुवतपणा. एसक्यूएलाइट दुसऱ्या प्रोसेसला हाक मारू शकत नाही. बदल कळवण्याची जी सोय तिच्यात आहे, ती बदल करणाऱ्या जोडणीपुरतीच चालते. त्यामुळे कामकरी प्रोसेसला दर सेकंदाला स्वतःच विचारावे लागते. फक्त ‘तयार’ ओळींचीच सूची ठेवणारा आंशिक इंडेक्स केला, तर या विचारण्याला नगण्य वेळ लागतो, आणि कामाला सरासरी अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो, जो चार सेकंदांच्या कामात कोणाच्या लक्षातही येणार नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागात प्रतिसाद हवा असेल, तर रांग डेटाबेसमध्ये ठेवून नुसती जागे करण्याची हाक सॉकेटवरून देता येते. हाक हरवली तरी काम हरवत नाही.

फसलेल्या कामांची व्यवस्था थोडक्यात सांगता येते. प्रत्येक अपयशानंतर पुढच्या प्रयत्नाची वेळ दुपटीने लांबवावी आणि पाच-सहा प्रयत्नांनंतर ते काम ‘फसलेले’ म्हणून बाजूला काढावे, नाहीतर फाटलेल्या पानाचे एखादे बिघडलेले छायाचित्र चारही कामकऱ्यांना आळीपाळीने पाडत राहते.

या पद्धतीची मर्यादा मात्र कठोर आहे आणि ती ओलांडू नये. एसक्यूएलाइटची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवून दोन संगणकांनी वापरणे धोक्याचे आहे. फाइलींची लॉक सांभाळण्याचे काम नेटवर्कवरच्या अनेक फाइल यंत्रणा नीट करत नाहीत, आणि वॉल पद्धतीला तर सर्व प्रोसेसमध्ये सामायिक मेमरी लागते, जी दोन वेगळ्या यंत्रांमध्ये असूच शकत नाही. चालू रांगेची प्रत काढतानाही मुख्य फाइल तेवढी उचलून चालत नाही, कारण ताजे व्यवहार शेजारच्या वॉल फाइलीत असतात. त्यासाठी डेटाबेसमध्येच दिलेली बॅकअपची सोय किंवा ‘व्हॅक्यूम इनटू’ ही आज्ञा वापरावी.

हा प्रकार केवळ लहान संस्थांपुरता आहे असे मात्र नाही. अँड्रॉइडवरची ॲप छायाचित्रांचा बॅकअप घेण्यासारखी पुढे ढकलता येणारी कामे गूगलच्या ज्या वर्कमॅनेजर लायब्ररीकडे सोपवतात, ती ही कामे ॲपच्या आत एका एसक्यूएलाइट डेटाबेसमध्येच नोंदवून ठेवते. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तरी कामे तिथूनच उचलली जातात, आणि त्यांच्या स्थितींना रांगेत, चालू, यशस्वी, फसलेले अशीच नावे असतात. रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बांधण्याच्या लोकप्रिय साधनानेही नोव्हेंबर २०२४ च्या आठव्या आवृत्तीपासून कामांची रांग मुळातच डेटाबेसमध्ये ठेवण्याचा मार्ग स्वीकारला असून, तो डेटाबेस एसक्यूएलाइटही असू शकतो.

तेव्हा ज्यांचे यंत्र एकच आहे आणि ज्यांची कामे सेकंदाला शेकड्यांनी येत नाहीत, त्यांनी रांगेचा सर्व्हर बसवण्यापूर्वी ही एक फाइल वापरून पाहावी. दुसरे यंत्र घेण्याची वेळ आली, की पोस्टग्रेससारख्या सर्व्हर डेटाबेसकडे जावे. तिथे २०१६ च्या आरंभी आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ ही सोय आहे, जिच्यामुळे एका कामकऱ्याने धरलेली ओळ सोडून दुसरा थेट पुढची ओळ उचलतो. तक्त्याचे रकाने, मुदतीचा नियम आणि प्रयत्नांची मोजणी तशीच नेता येते. काम उचलण्याची एक आज्ञा तेवढी नव्याने लिहावी लागते.